डायनमोला तेल कुठे, ग्रीस कुठे

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका गृहस्थांकडे वडिलांची 1968 ची अँबेसडर मार्क 2 आहे. पावसाळाभर ती सोसायटीत कव्हरखाली उभी होती. आता सकाळी स्टार्ट केली की डायनमोकडून (बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि गाडी तापली की तो कमी होतो. एका मेकॅनिकने डायनमोच्या मागच्या भोकात ग्रीस भरायला सांगितलं, दुसऱ्याने डब्ल्यूडी-40 हा स्प्रे मारायला, तिसरा म्हणाला डायनमो काढून अल्टरनेटर (आताच्या गाड्यांत तेच काम करणारं यंत्र) बसवा. तिघांपैकी कोणाचं ऐकावं?

कोणाचंच नको. डायनमोला दोन टोकं असतात. पुढच्या, म्हणजे पुलीच्या टोकाला बॉल बेअरिंग असतं आणि त्याला ग्रीस लागतं. मागच्या, म्हणजे कार्बनच्या (वीज बाहेर नेणारे, घासत राहणारे तुकडे) टोकाला ब्राँझचा सच्छिद्र बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती छोटी नळी, असतो आणि त्याला इंजिन ऑइलचे मोजके थेंब लागतात. या दोन गोष्टींची अदलाबदल झाली की डायनमो संपायला सुरुवात होते. माझ्याकडे आलेल्या बहुतेक जळक्या आर्मेचरांचं (डायनमोतला फिरणारा, तारा गुंडाळलेला भाग) मूळ वायरिंगमध्ये नव्हतं, मागच्या कोरड्या बुशमध्ये होतं.

बॉनेट उघडून आधी डायनमोच्या बॉडीवर ठोकलेला मॉडेल नंबर वाचा. सी39 किंवा सी40 असं काही दिसलं, तर तो ल्यूकास या ब्रिटिश कंपनीच्या घराण्यातला. पुढचं सगळं त्याच बांधणीला धरून लिहितो. आपल्याकडे मद्रासजवळ पाडीला 1961 मध्ये ल्यूकास-टीव्हीएस सुरू झाली, त्यामुळे या बांधणीचे डायनमो देशभर पसरले आणि सुटे भाग आजही शोधले तर मिळतात. काही जुन्या अमेरिकन डायनमोंना दोन्ही टोकांना झाकणाची तेलकुपी असते. तिथे दोन्हीकडे तेलच घालायचं. म्हणून कोणतीही बाटली किंवा डबा उघडण्याआधी भोक आहे, टोपी आहे की काहीच नाही हे पाहा. बनवणाऱ्याने काय घालायला ठेवलंय ते त्यावरून कळतं.

आता आवाज नक्की कुणाचा ते ठरवू. अँबेसडरमध्ये एकच फॅन बेल्ट डायनमो आणि वॉटर पंप दोन्ही फिरवतो, म्हणून कानाला फसगत होते. इंजिन चालू असताना बाटलीने बेल्टच्या आतल्या बाजूला थोडं पाणी शिंपडा. हात, बाही आणि गळ्यातलं काही पंख्यापासून लांब ठेवा. आवाज लगेच बदलला किंवा क्षणभर बंद झाला, तर बेल्ट सैल किंवा गुळगुळीत झालाय आणि डायनमोचा दोष नाही. फरक पडला नाही तर इंजिन बंद करून बेल्ट उतरवा आणि पुन्हा एखादा मिनिट चालू करा; तेवढ्याला इंजिनाला काही होत नाही. आवाज गेला तर तो डायनमोचा किंवा वॉटर पंपाचा. मग इंजिन बंद ठेवून दोन्ही पुली हाताने फिरवा, वर-खाली हलवा, आत-बाहेर ओढा. बॉल बेअरिंग गेलं असेल तर बोटांना खरखर जाणवते. बुश कोरडा असेल तर खरखर लागत नाही, फिरवताना शाफ्ट कुठेतरी घट्ट वाटतो आणि मग सुटतो. बुश झिजला असेल तर मागच्या टोकाला शाफ्टचा प्ले येतो, पण तो बाहेरून जाणवणं कठीण. त्यासाठी डायनमो उतरवावा लागतो.

थंडपणी किंचाळणं आणि तापल्यावर शांत होणं ही तुमची लक्षणं बेल्ट ठीक असेल तर सरळ मागच्या बुशकडे बोट दाखवतात. कारण त्या बुशच्या घडणीत आहे. तो ओतीव धातूचा नसतो. ब्राँझची पूड दाबून, भट्टीत भाजून तो बनवतात, म्हणून त्याच्या अंगात बारीक छिद्रं राहतात. आकारमानाच्या साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्याएवढी ही पोकळी तेलाने भरलेली असते. शाफ्ट फिरून बुश तापला की तेल फुगून पृष्ठभागावर येतं, थंड झाला की छिद्रं ते परत ओढून घेतात. बुशमध्ये तेल पुरेसं असेल तर सुरुवातीच्या पहिल्या फेऱ्यांनाही शाफ्टवर पातळ थर असतो. तेल कमी झालं की थंडपणी धातूवर धातू घासतो, किंचाळतो, आणि तापल्यावर उरलंसुरलं तेल बाहेर आलं की गप्प बसतो. आवाज थांबला म्हणून दुखणं थांबलं असं नाही. त्या काही मिनिटांत बुश रोज थोडा थोडा खाल्ला जातो.

खाल्ला गेला तर काय होतं? आर्मेचर आणि त्याभोवतीचे फील्डचे पोल शू (स्थिर चुंबकाचे लोखंडी तुकडे) यांच्यात फार थोडी फट असते. बुश एका बाजूने झिजला की आर्मेचर खाली बसतं आणि पोल शूला घासू लागतं. उघडल्यावर पोल शूवर चकचकीत ओरखडे दिसतात. शिवाय हलणाऱ्या कम्युटेटरवर (शाफ्टवरचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, ज्यावर कार्बन टेकतात) कार्बन उड्या मारतात, ठिणग्या पडतात, तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडतात, चार्जिंग चढ-उतार करतं. लोक मग कटआऊट (डायनमो बॅटरीला जोडणारा-तोडणारा स्विच) बदलतात, बॅटरी बदलतात. बुशकडे कोणी पाहत नाही.

मागच्या भोकात ग्रीस का नको, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. ग्रीस ही बारीक छिद्रं बुजवतं. एकदा भरलं की पुढे कितीही तेल घाला, ते बुशपर्यंत पोचत नाही. डब्ल्यूडी-40 उलट दिशेने घात करतं: ते पातळ असतं, छिद्रांतलं जुनं तेल धुऊन काढतं आणि स्वतः उडून जातं. दोन दिवस आवाज जातो, म्हणून ते औषध वाटतं. शिलाई मशीनचं तेल या उष्णतेला फारच पातळ. गिअर ऑइल 90 जाड, ते बुशमागच्या तेल शोषणाऱ्या फेल्टच्या चकतीतून लवकर झिरपत नाही. घरात दुसरं काही नाही म्हणून खोबरेल घालणारेही भेटले आहेत. ते काही दिवसांत चिकट होतं आणि त्यावर कार्बनची पूड बसते. साधं इंजिन ऑइल घ्या, एसएई 30 किंवा पेट्रोल पंपावर मिळणारं 20डब्ल्यू-40. तुमच्या इंजिनात घालता त्यातलंच चालतं, पण वापरलेलं काळं तेल नको.

ल्यूकासच्या मागच्या झाकणाच्या मधोमध बारीक भोक असतं, त्याच्या आसपास इंग्रजीत ‘ऑइल’ असं ठोकलेलं दिसतं. भोकातला चिखल आधी फडक्याने आणि काडीने साफ करा, नाहीतर तोच तेलाबरोबर आत जाईल. मग इंजेक्शनच्या सिरिंजने तीन-चार थेंब सोडा, दोन मिनिटं थांबा, ते फेल्टमध्ये जिरले की आणखी दोन. एवढंच. हात सैल सोडून पिचकारी मारली तर जादाचं तेल शाफ्टवरून कम्युटेटरवर जातं, कार्बनच्या पुडीत मिसळून त्याची काळी लेपी होते आणि ती पट्ट्यांच्या मधल्या खाचांत बसते. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मग पूर्ण विझत नाही, आणि गाडीवाला म्हणतो तेल घातल्यावर डायनमो बिघडला. तेलाने बिघडला नाही, अति तेलाने बिघडला. काही जुन्या सी39 ला भोकाऐवजी आट्यांची छोटी टोपी असते, आत फेल्ट आणि स्प्रिंग. तिथे मात्र टोपी काढून अर्धी हाय मेल्टिंग पॉइंट ग्रीसने भरून परत घट्ट करायची असते. ग्रीस भरण्याचा सल्ला कदाचित या जुन्या टोपीच्या आठवणीतून आला असेल, पण तो भोकाच्या डायनमोला लागू नाही.

किती दिवसांनी? कंपनीच्या पुस्तिका मैलांत सांगतात, कारण तेव्हा गाड्या रोज धावत. आता त्या मैलांना अर्थ उरलेला नाही. 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्राने जुलै 2021 मध्ये केलेल्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदवलेली गाडी रोजच्या वापराला काढताच येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येते. तुमची गाडी त्या वयाची आहेच. उभ्या गाडीचा हिशोब कॅलेंडरवर करावा लागतो. माझा नेम असा: मे महिन्याच्या शेवटी एकदा, पाऊस ओसरल्यावर दसऱ्याच्या आसपास एकदा, आणि गाडी जास्त फिरत असेल तर दर 5000 किलोमीटरला. दसऱ्याला गाडी पुसून हार घालताच, त्याच दिवशी बॉनेट उघडून थेंब सोडा म्हणजे विसरायला होत नाही.

आपल्या हवेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण युरोपातल्या पुस्तिका ठाण्याचा पावसाळा धरून लिहिलेल्या नाहीत. खाडी जवळ, हवेत चार महिने ओल, आणि त्यात गाडी प्लॅस्टिकच्या कव्हरखाली. कव्हरच्या आत दिवसा वाफ होते, रात्री ती धातूवर दवासारखी बसते. पुढच्या बेअरिंगमधल्या गोळ्या महिनोन्‌महिने एकाच जागी टेकलेल्या राहतात आणि प्रत्येक गोळीखाली गंजाचा बारीक ठिपका पडतो. गाडी सुरू झाल्यावर हेच ठिपके घरघर करतात, आणि ती घरघर कोणत्याही ग्रीसने जात नाही. ते बेअरिंग बदलायचंच. म्हणून कापडी, हवा खेळणारं कव्हर वापरा, उघडीप मिळाली की काढून ठेवा, आणि महिन्यातून एकदा गाडी अर्धा तास खरोखर चालवा. नुसतं जागेवर इंजिन चालू ठेवून भागत नाही. आयडलवर डायनमो इतका हळू फिरतो की चार्जिंगही होत नाही आणि आतली ओलही पूर्ण सुकत नाही. (रात्री माजिवड्याच्या सिग्नलला दिवे लावून उभं असताना लाल दिवा मंद पेटला तर घाबरू नका. तो डायनमोचा स्वभाव आहे. वेग वाढवल्यावर विझतो ना, एवढंच पाहा.) आणि गाडी सर्व्हिस स्टेशनवर धुताना बॉनेटमध्ये प्रेशरचं पाणी मारू देऊ नका. डायनमो थंड हवा ओढण्यासाठी दोन्ही टोकांना उघडा असतो. तो फवारा थेट कार्बनवर आणि बेअरिंगवर जातो.

समजा तेल घालूनही आठवडाभरात किंचाळणं गेलं नाही, तर डायनमो उतरवा. बॅटरीची केबल आधी काढा. मागच्या दोन वायरी डी आणि एफ, त्यांना खूण करा. पुली पुलरने काढा. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारला तर आटे तर जातातच, पुढचं बेअरिंगही दुखावतं. पुली निघाली की शाफ्टवरची छोटी चावी डबीत ठेवा. दोन लांब बोल्ट काढण्याआधी दोन्ही झाकणं आणि बॉडी यांवर पंचने किंवा रंगाने रेघ मारून घ्या. झाकण सोडताना शाफ्टवरचे वॉशर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवा. ते हरवले की आर्मेचर पुढे-मागे सरकतं, आणि मग कोणीही दिलेला वॉशर बसवून चालत नाही.

बुश काढण्याची जुनी आणि चांगली रीत: 5/8 इंचाचा टॅप (आटे पाडण्याचं हत्यार) बुशमध्ये सरळ काही आटे फिरवायचा आणि टॅपसकट बुश ओढून काढायचा. त्याच्यामागे फेल्टची चकती असते. ती कडक झाली असेल तर बदला आणि नवी तेलात भिजवून बसवा. नवा बुश स्वच्छ, पातळ इंजिन ऑइलमध्ये 24 तास बुडवून ठेवायचा. घाई असेल तर तेल 100 अंश सेल्सियसला तापवून त्यात दोन तास, आणि मग तेल थंड झाल्यावरच बुश बाहेर काढायचा. छिद्रं तेल ओढतात ती थंड होताना. कोरडा बुश बसवून वरून तेल घालणं म्हणजे काम अर्धवट सोडणं.

वागळे इस्टेटच्या लेथवरून आलेले बुश मी अनेक डायनमोंमध्ये पाहिले आहेत. कारागीर उत्तम, माप अचूक, चकाकी सुंदर, पण धातू ठोस गनमेटल. त्यात तेल साठायला जागाच नसते. असा बुश पहिले काही महिने छान चालतो आणि मग एकाएकी शाफ्ट धरतो. टर्नरला दोष नाही, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. दुकानात ‘सिंटर्ड बुश’ (पूड भाजून बनवलेला) म्हणून मागा आणि घेताना पारखून घ्या: बुशचं एक तोंड अंगठ्याने बंद करायचं, आत तेल भरायचं आणि दुसऱ्या अंगठ्याने वरून जोरात दाबायचं. सच्छिद्र असेल तर बाहेरच्या अंगावर घामासारखे तेलाचे बारीक थेंब फुटतात. ठोस असेल तर काहीच दिसत नाही. आणि एकदा बसवल्यावर बुशचं भोक रीमरने किंवा पॉलिश पेपरने मोठं करायचं नाही. धातू लिंपला जाऊन छिद्रं बंद होतात. शाफ्टच्या मापाचा, गुळगुळीत पॉलिश केलेला खांद्याचा मॅन्ड्रेल (मापाची दांडी) घालून त्यावरच बुश दाबायचा, म्हणजे माप आपोआप बरोबर येतं.

डायनमो उघडलाच आहे तर पुढचं बेअरिंगही पाहा. ते उघड्या जातीचं असेल तर रॉकेलमध्ये धुऊन, सुकवून हाताने फिरवा. कॉम्प्रेसरच्या हवेने गरगरवू नका, कोरड्या गोळ्या ओरखडतात. जराही खरखर लागली तर बदला. चांगलं असेल तर लिथियमचं ग्रीस भरा. बाजारात एपी-3 म्हणून मिळतं ते चालतं. चेसिसचं पिवळं ग्रीस साधारणपणे कॅल्शियमचं असतं, ते 100 अंशांच्या अलीकडेच पातळ होऊन गळतं. लिथियमचं 180 च्या आसपासपर्यंत टिकतं. बेअरिंगमधली मोकळी जागा एक तृतीयांश ते निम्मी भरायची, गच्च नाही. गच्च भरलेलं ग्रीस घुसळून तापतं आणि बाहेर पडून आर्मेचरवर उडतं.

नवं घेणार असाल तर जुन्याच्या कडेवरचा नंबर वाचून दोन्ही बाजूंना रबर सील असलेलं, म्हणजे मागे ‘2आरएस’ लिहिलेलं घ्या. आपल्या पावसात तेच टिकतं, आणि त्याला पुन्हा ग्रीस लागत नाही. नामांकित बेअरिंगांची नक्कल बाजारात भरपूर आहे. अर्ध्या किमतीत मिळालं तर ते सोडून द्या, अधिकृत विक्रेत्याकडूनच पावती घेऊन घ्या. बसवताना एकच नियम पाळायचा: जी रिंग घट्ट बसवायची तिच्यावरच दाब द्यायचा. झाकणात बसवताना बाहेरच्या रिंगवर, शाफ्टवर चढवताना आतल्या. दाब गोळ्यांमधून गेला तर नव्या बेअरिंगला पहिल्याच दिवशी खळगे पडतात.

कम्युटेटर पेट्रोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा; उघड्या जागेत, बॅटरीपासून लांब. डाग राहिलेच तर झिरो नंबरचा काचपेपर हलक्या हाताने. एमरी नको, तिचे कण तांब्यात रुततात. कार्बन आपापल्या खोबणीत मोकळे सरकतात का तेही याच वेळी बघून घ्या.

बांधून झाल्यावर गाडीवर चढवण्याआधी डी आणि एफ एका तारेने जोडून त्यांना बॅटरीचं एक टोक आणि बॉडीला दुसरं टोक द्या. डायनमो मोटरसारखा सावकाश, एकसारखा फिरायला हवा. बेल्टचा, पंख्याचा, इंजिनाचा कसलाच आवाज मध्ये नसतो, त्यामुळे बुश आणि बेअरिंग कसे बसले ते इथे स्पष्ट ऐकू येतं. मात्र तुमच्या गाडीची बॉडी बॅटरीच्या प्लसला जोडलेली आहे की मायनसला, ते आधी पाहा आणि इथेही बॉडीला तेच टोक द्या. या काळातल्या बऱ्याच गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत आणि मध्ये कोणीतरी बदललेल्याही असतात. उलटं जोडलंत तर डायनमोची चुंबकीय दिशा उलटते आणि गाडीवर लावल्यावर कटआऊटचे पॉइंट जळतात.

अल्टरनेटरचं विचारलंत. रात्री नेहमी फिरणाऱ्या, एसी किंवा मोठे दिवे लावलेल्या गाडीला तो बसवणं समजण्यासारखं आहे. पण बुशच्या आवाजासाठी चालू डायनमो काढून टाकणं मला पटत नाही. सी40 साधारण 22 अँपिअर देतो. मूळ दिवे, वायपर, हॉर्न एवढ्याला तो पुरतो, आणि त्याचा प्रत्येक भाग हाताने उघडून बदलता येतो. वडिलांच्या गाडीत तो राहू द्या.

शेवटी बेल्टचा ताण. बुश, बेअरिंग सगळं नवं करून लोक बेल्ट तंबोऱ्याच्या तारेसारखा ओढतात आणि पुढचं बेअरिंग व वॉटर पंप दोन्ही एकदम मारतात. सगळ्यात लांब पट्ट्याच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण 12 ते 15 मिलिमीटर दबला पाहिजे. ताण देताना टॉमीचा (लोखंडी दांड्याचा) आधार डायनमोच्या पुढच्या झाकणाशी घ्या, मधल्या बॉडीवर किंवा मागच्या झाकणावर नाही. नवा बेल्ट पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये थोडा सैलावतो. तेव्हा ताण पुन्हा बघा, आणि त्याच वेळी इंजिन बंद करून डायनमोच्या मागच्या झाकणाला हात लावा. बॉडीपेक्षा ते जास्त चटका देत असेल तर बुश अजून कोरडा आहे, भोकात आणखी दोन थेंब सोडा.